हाली आणि कळदार
परभणीचा इतिहास वाचताना मला लढायांहून मनिऑर्डरीचे कुतूहल अधिक वाटते. निजामी अमलात इकडे हाली रुपया चाले, मुंबईत कळदार. सहा कळदारांचे साधारण सात हाली होत. मुंबईहून लेकाने धाडलेली रक्कम गावी हालीत मोजायची झाली, की निरक्षर म्हातारीने बट्ट्याचा हिशेब कोणाकडून करवून घ्यावा? १९४८ साली निजामी राजवट संपली. हाली मात्र १९५९ पर्यंत टिकला. १८८० साली सुरू झालेली जुनी मनिऑर्डर २०१५ साली थांबली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी ठरविले, की परदेशातून घरी पैसे धाडण्याचा खर्च २०३० पर्यंत शेकडा तीनच्या आत यावा. वाचकहो, म्हातारीचा तो बट्टा अखेर जगाच्या दरबारात पोहोचला म्हणायचा!