क्षयाचा रकाना

लंडनवर ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत धुरकं बसलं. सॅडलर्स वेल्सचा ऑपेरा मध्येच थांबवावा लागला, कारण धुरकं थेट नाट्यगृहात शिरलं होतं. असे किस्से पुष्कळ आहेत. पण त्यांच्यापेक्षा बोलका आहे तो लंडन काउंटीच्या मृत्युनोंदींचा तक्ता.

६ डिसेंबरला संपलेल्या आठवड्यात ९४५ मृत्यू, पुढच्या आठवड्यात २,४८४. ब्राँकायटिसचे ७६ वरून ७०४ झाले, न्यूमोनियाचे ४५ वरून १६८. इथवर नवल नाही. फुप्फुसाच्या क्षयाच्या ओळीवर मात्र बोट थांबतं: १४ वरून ७७.

क्षय काही सोमवारी जडून शनिवारी माणूस नेत नाही. ही माणसं आधीचीच आजारी. त्यांना नेलं ते घरोघरच्या शेगड्यांतल्या कोळशाच्या धुराने. दाखल्यावर मात्र जंतूचंच नाव लागलं. ते खोटंही म्हणता येत नाही. श्वासनलिकेतले बारीक केस कफ आणि जंतू वर लोटत असतात. धुराने ते लुळे पडले की जुन्या दुखण्याला रान मोकळं मिळतं आणि नव्यालाही.

ही ओळ लक्षात ठेवून आरोग्य मंत्रालयाचा १९५४ चा अहवाल वाचावा. धुरक्याच्या खात्यावर त्याने सुमारे ४,००० मृत्यू टाकले. पण मृत्यूंचा आकडा धुरकं विरल्यावरही फेब्रुवारीपर्यंत चढाच राहिला होता. तो वाढावा अहवालाने फ्लूच्या नावे लिहून मोकळा केला. सोय होती, दुसरं काय! फ्लू त्या हिवाळ्यात होता, हे खरं. पण डिसेंबरात क्षयाच्या रकान्यात धूर लपत असेल, तर जानेवारीत फ्लूच्या रकान्यात का लपू नये?

मिशेल बेल आणि डेव्हरा डेव्हिस या संशोधकांनी २००१ मध्ये हीच आकडेवारी पुन्हा मांडली आणि जादा मृत्यू सुमारे १२,००० धरले. २००४ मध्ये त्यांनी फ्लूचाही हिशेब तपासला. एवढ्या मृत्यूंचा मोठा वाटा फ्लूच्या माथी मारायचा, तर साथ कमालीची भयंकर असायला हवी होती. तशी ती दिसत नाही.

आणखी एक दस्तऐवज उरला होता, कागदाचा नव्हे. त्या धुरक्यात दगावलेल्या काहींच्या फुप्फुसाचे तुकडे रॉयल लंडन हॉस्पिटलमध्ये जपून ठेवलेले होते. पन्नासेक वर्षांनी ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तेव्हा त्यांत काजळी निघाली, शिसं निघालं, जस्त निघालं.