होन्नो-जीचा तिहेरी 'को'

२१ जून १५८२ च्या पहाटे क्योतोमधल्या होन्नो-जी या बौद्ध मंदिराला अकेची मित्सुहिदेच्या फौजेने वेढा घातला. आत त्याचाच धनी, जपानचा सर्वांत बलाढ्य सरदार ओदा नोबुनागा मुक्कामाला होता. मंदिर पेटलं, नोबुनागाने पोट चिरून घेतलं. गो खेळणारे मात्र आदल्या रात्रीचा डाव आठवतात. नोबुनागासमोर निक्काई आणि रिगेन हे दोन भिक्खू खेळत होते आणि डावात तिहेरी 'को' झाला, अशी कथा आहे. तेव्हापासून तिहेरी को अपशकुनी मानला गेला.

गोमध्ये काळ्या-पांढऱ्या सोंगट्या रेघांच्या छेदांवर ठेवतात. सोंगटीला लागून असलेली मोकळी जागा म्हणजे तिचा श्वास; चिनी शब्दाचा अर्थही तोच. श्वास कोंडले की सोंगटी उचलली जाते. दोन गट एकमेकांत अडकले, की ज्याचे श्वास आधी संपतील तो मेला. म्हणून खेळाडू सतत मोजत असतात. 'को' म्हणजे एकच सोंगटी आलटून-पालटून मारता येते अशी जागा. तिथे लगेच उलट मारायला बंदी; आधी दुसरीकडे चाल करायची. (बौद्ध भाषांतरकारांनी आपला 'कल्प' ज्या चिनी अक्षराने लिहिला, तेच या 'को'चं अक्षर.) पण दोन्ही गटांचे उरलेसुरले श्वास तीन को-वरच टांगलेले असतील, तर ही बंदी निकामी होते. तू हा घे, मी तो घेतो. सहा चालींनी पट पुन्हा होता तसा! जपानी नियमांत असा डाव निकालाविना सोडून देतात.

आता कथेची सनद पाहू. हदीसच्या अभ्यासकांना ही सवय नवी नाही. त्या रात्रीचा म्हणून जो डाव नोंदलेला आहे, तो १२८ चालींवर थांबतो आणि त्यात तिहेरी को नाहीच.

मला ही कथा खटकते ती आणखी एका कारणाने. ती मित्सुहिदेला मोकळं सोडते. पश्चिमेला मोरी घराण्याशी लढणाऱ्या हिदेयोशीच्या मदतीला जायचा त्याला हुकूम होता. त्याने फौज राजधानीकडे वळवली, कारण बाकीचे सेनापती दूर मोहिमांवर होते आणि नोबुनागाजवळ मोजकेच लोक होते. हा हिशेब माणसाने केलेला होता. त्यात सोंगट्यांचा काय दोष? अकरा दिवसांनी यामाझाकीच्या लढाईत हिदेयोशीने त्याचा पराभव केला.

निक्काई पुढे होनइन्बो सान्सा म्हणून गाजला. १६१२ मध्ये तोकुगावा शोगुनांच्या राजवटीने त्याला तनखा बांधून दिला आणि १६२३ पर्यंत तो जगला.