केडगावची उपकारस्तुती

देवाचे आभार मानण्याला मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत ‘उपकारस्तुती’ म्हणतात. पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी उभ्या केलेल्या मुक्ती मिशनमध्ये ही उपकारस्तुती रुजली ती दुष्काळ आणि प्लेगाच्या दिवसांत.

भूक म्हणजे काय, हे रमाबाईंना कोणी सांगावे लागले नव्हते. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण थोड्याथोड्या अंतराने गेली. पुराण सांगून मिळेल त्यावर जगणारे हे कुटुंब. मोलमजुरी ठाऊक नव्हती आणि भीक मागायला जीभ रेटत नव्हती. उरलेली दोघे, रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास, देशभर पायी हिंडली. झेलमच्या काठी थंडीत पांघरायला काही नव्हते, तेव्हा दोघांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, त्यांत आडवे होऊन डोके तेवढे बाहेर ठेवले आणि अंगावर वाळू ओढून घेतली. हा प्रसंग रमाबाईंनी १९०७ साली इंग्रजीत लिहिलेल्या आत्मकथनात सांगितला आहे. त्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ ‘आमच्या अक्षय ठेव्याची साक्ष’ असा होतो.

ख्रिस्ती धर्म त्यांनी स्वीकारला तो इंग्लंडमध्ये, वाँटेज येथे, २९ सप्टेंबर १८८३ रोजी. डॉक्टर होण्यासाठी त्या तिकडे गेल्या होत्या, पण ऐकू कमी येत असल्याने तो बेत सोडावा लागला. बाप्तिस्मा झाला म्हणून मन निवाले असे मात्र झाले नाही. धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे. समाधान मिळाले ते बऱ्याच वर्षांनी, आणि तेव्हा बाहेर वादळ घोंगावत होते. विधवांसाठी १८८९ साली मुंबईत सुरू करून नंतर पुण्याला आणलेल्या शारदा सदनावर १८९३ मध्ये धर्मांतराचा आरोप झाला आणि अनेक पालक आपापल्या मुली घेऊन गेले.

१८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली घेऊन परतल्या. पुण्यात प्लेग होता, त्यामुळे एवढ्या मुली शहरात ठेवणे शक्य नव्हते. केडगावला शेतजमीन घेतलेली होती, तिथे या मुलींची सोय झाली. शारदा सदनाला अमेरिकेतल्या एका मंडळाने दहा वर्षे मदत कबूल केली होती. ती मुदत संपत आली नेमकी याच वेळी. १९००च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तर मुक्तीतल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या आसपास पोचली.

एवढ्या तोंडांना रोज घालायचे कुठून? ब्रिस्टलचे अनाथालयचालक जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते. कोणापुढे हात न पसरता देवाकडे मागायचे आणि जे येईल त्याबद्दल त्याचे आभार मानायचे, ही त्यांची रीत रमाबाईंनीही धरली. गरजा जगाला कळतच नव्हत्या असे नाही. मुक्तीचे ‘प्रेयर बेल’ नावाचे इंग्रजी पत्रक परदेशी वाचकांपर्यंत जाई. तरी ठरलेली रक्कम ठरल्या दिवशी येईल अशी खात्री क्वचितच असे.

मुक्तीतले समाधान हात जोडून बसणाऱ्यांचे नव्हते. शेती, दुभती जनावरे, हातमाग, तेलाचा घाणा, शिवण, छापखाना अशी कामे बायकाच करत. अंध मुलींना ब्रेल शिकवले जाई. गावाने आणि जातीने टाकलेल्या बाईला पहिल्यांदाच स्वतःच्या कामाचे मोल कळे. प्रार्थनेइतकाच या कामाचाही वाटा त्या उपकारस्तुतीत असावा. उपाशी मुलीने स्वीकारलेला धर्म कितपत तिच्या मर्जीचा, असा सवाल टीकाकारांनी केला. तो रास्त आहे. मात्र त्या मुलींना त्या वेळी दुसरे दार फारसे उघडे नव्हते, हेही खरे.

शेवटची सुमारे पंधरा वर्षे रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. खेड्यातल्या बाईलाही कळेल असे सोपे मराठी त्यांना हवे होते. याच काळात, २४ जुलै १९२१ रोजी, एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. कामात आणि संस्थेत तीच त्यांचा उजवा हात होती. रमाबाईंनी भाषांतर थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या; शेवटची मुद्रिते त्याआधी थोडाच वेळ हातावेगळी केली होती, असे सांगतात. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आले. त्याचे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम केडगावच्या छापखान्यात मुक्तीच्याच बायकांनी केले.