कागदावरच्या भीतीला पाठबळ

खानदेशात भयकथेच्या कच्च्या मालाला तोटा नाही. रावेर-यावलच्या केळीच्या बागा, रात्री उशिरा येणारी शेतीची वीज, चाळीसगावहून कन्नडकडे चढणारा औट्रम घाट, तापीकाठचा थाळनेरचा पडका किल्ला, फरकांड्याचे झुलते मनोरे, सातपुड्यातले दूरदूरचे पाडे. चाळीसगावातच छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे. आयुष्याचा मोठा भाग ते घराबाहेर पडले नाहीत. रात्रीच्या पंजाब मेलने कोणीतरी येईल म्हणून ते १९८९ मध्ये जाईपर्यंत वाट पाहत राहिले, असं गावात आजही सांगतात. एवढ्या एका आठवणीवर एक अख्खा चित्रपट उभा राहू शकतो.

पण ओट्यावर रंगणारी गोष्ट वेगळी आणि शंभर पानांची पटकथा वेगळी. मधलं अंतर कापायला लिहिण्यापुरता पैसा लागतो आणि लिहिलेलं परखडपणे वाचणारा जाणता माणूस लागतो. आपल्याकडे या दोन्ही गोष्टींचा विचार करायला सरकारी यंत्रणेला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची, म्हणजे एनएफडीसीची, वाटचाल मी त्या अंगाने पाहतो आहे, कारण जळगाव-धुळ्यातल्या लिहिणाऱ्या पोराच्या दृष्टीने तेच अंग कामाचं आहे.

सुरुवात होते ती स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालच्या चित्रपट चौकशी समितीपासून. १९४९ साली नेमलेल्या या समितीने १९५१ मध्ये अहवाल दिला आणि चित्रपटांना कर्ज देणारी स्वतंत्र संस्था असावी, असं सुचवलं. ती संस्था उभी राहायला १९६० उजाडलं. तिचं नाव फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन. साठच्या दशकाच्या अखेरीस तिने नव्या दिग्दर्शकांना हात दिला आणि १९६९ मध्ये मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ आला. नव्या धारेच्या सिनेमाचा पाया इथे घातला गेला, हे सगळे मान्य करतात. माझं लक्ष मात्र एका बारीक गोष्टीकडे जातं. तेव्हाही अर्जासोबत पटकथा द्यावी लागे आणि समिती ती वाचे. पण वाचायची ती कर्ज द्यायचं की नाही हे ठरवण्यासाठी. पटकथेत काही अडलं असेल तर लेखकाबरोबर बसून ते सोडवणं हे कोणाचंच काम नव्हतं. पसंत पडली तर पैसे, नाही तर पोस्टाने परत.

१९७५ मध्ये एनएफडीसीची स्थापना झाली आणि १९८० मध्ये फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन तिच्यात विलीन झालं. पुढच्या दीड दशकात मराठीच्या वाट्यालाही चांगली कामं आली. पु. ल. देशपांडे यांची पटकथा असलेला जब्बार पटेल यांचा ‘एक होता विदूषक’ १९९२चा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘दोघी’ आणि अमोल पालेकर यांचा ‘बनगरवाडी’ दोन्ही १९९५चे. तिन्ही चित्रपटांचं लेखन पक्क्या हातांनी झालेलं होतं. कोवळ्या हातांसाठी अजून जागा नव्हती.

ती जागा २००७ मध्ये झाली. त्या वर्षी गोव्यात फिल्म बाजार सुरू झाला आणि त्याच सुमारास पटकथालेखकांची कार्यशाळा, स्क्रीनरायटर्स लॅब, आकाराला आली. देशभरातून येणाऱ्या अर्जांतून वर्षाला मूठभर, बहुतेकदा सहा-आठ पटकथा निवडायच्या, प्रत्येक लेखकाला अनुभवी सल्लागारासमोर बसवायचं, मसुदा फोडायचा, मध्ये काही महिने पुनर्लेखनाला द्यायचे आणि नोव्हेंबरात गोव्यात निर्मात्यांसमोर उभं करायचं, अशी ही घडण. वाचन आता निवाड्यासाठी राहिलं नाही, दुरुस्तीसाठी होऊ लागलं. संस्थेच्या इतिहासात मला हा सगळ्यांत मोठा बदल वाटतो.

मसुदा फोडणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या उदाहरणाने सांगतो. समजा, यावल तालुक्यातल्या एका लेखकाने प्रसंग लिहिला. रात्रीचे दोन वाजलेत, लाइट आली आहे, शेतकरी बॅटरी घेऊन केळीत ठिबकचा वाल फिरवायला निघतो. पानं सळसळतात, कुत्रं भुंकतं आणि विहिरीपाशी पांढऱ्या साडीतली बाई दिसते. लेखकाला वाटतं, जमलं. जाणता सल्लागार आधी एवढंच विचारेल की, या माणसाला त्या रात्री खरी भीती कशाची आहे? बिबट्याची, सोसायटीच्या कर्जाची की घरात सकाळी झालेल्या भांडणाची? उत्तर सापडेपर्यंत बाईला पानावर येऊ द्यायचं नाही. मग लेखक पुन्हा बसतो. चौथ्या-पाचव्या खर्ड्यात बाई गेलेली असते. शेतकरी वालापाशी पोचतो, हात लावतो आणि त्याच्या लक्षात येतं की वाल आधीच कोणीतरी फिरवला आहे. ज्या ओळीला आज पाणी सोडायचंच नव्हतं, तिथली माती ओली आहे. ज्याने रात्री पाणी भरलं आहे, त्याच्या अंगावर या दोन ओळींनी काटा येईल.

भयपट आणि थरारपटाला अशा बैठकांची गरज इतर कुठल्याही चित्रपटापेक्षा जास्त असते, असं माझं ठाम मत आहे. विनोद नटाच्या जोरावर तरतो, प्रेमकथा गाण्यांवर तरते. रहस्याची गाठ कागदावर नीट बसली नाही, तर कॅमेरा आणि पार्श्वसंगीत काही करू शकत नाही. प्रेक्षकाला काय कधी कळू द्यायचं, हा हिशेब लिहितानाच मांडावा लागतो.

या कार्यशाळेतून गेलेल्या पटकथांमध्ये ‘द लंचबॉक्स’, ‘दम लगा के हईशा’ आणि ‘लिपस्टिक अंडर माय बुरखा’ यांची नावं नेहमी घेतली जातात. आपल्या विषयाला जवळची नावं वेगळी आहेत. कनू बहल यांचा ‘तितली’ गुन्हेगारीत रुतलेल्या कुटुंबाचा. २०१४ मध्ये तो कानच्या ‘अं सर्तेन रिगार’ विभागात होता. कोंकणा सेन शर्मा यांचा ‘अ डेथ इन द गंज’ मॅक्लुस्कीगंजच्या एका सुट्टीत, थट्टामस्करी आणि प्लँचेटच्या खेळातून हळूहळू मृत्यूकडे सरकतो. महामंडळाच्या सहनिर्मितीतला अनुप सिंग यांचा ‘किस्सा’ तर फाळणीच्या जखमेतून उठलेल्या एका भुताचीच गोष्ट आहे. भूत चालतं, खून चालतो, फक्त त्याला माणसाचं मूळ हवं, हे या नावांवरून दिसतं.

असा आधार नसला की काय होतं, त्याचं उदाहरण मराठी माणसाचंच आहे. राही अनिल बर्वे यांनी ‘तुंबाड’चा पहिला मसुदा १९९७ मध्ये लिहिला, वयाच्या अठराव्या वर्षी. मुळाशी नारायण धारप यांची कथा होती. २००८ मध्ये चित्रीकरण ठरलं आणि निर्मात्याने हात काढून घेतला. मग त्यांनी सातशे पानांचा चित्रमय आराखडा केला. २०१२ मध्ये चित्रीकरण झालं, पण मनासारखं उतरलं नाही. पुन्हा लिहून, पुन्हा चित्रित करून ते २०१५ मध्ये संपलं. चित्रपट पडद्यावर आला ऑक्टोबर २०१८ मध्ये आणि २०२४ च्या पुनर्प्रदर्शनात पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. एकवीस वर्षं एका कल्पनेला धरून बसायला विलक्षण जिद्द लागते. किती जणांनी मधेच सोडून दिलं असेल, या विचाराने मला अस्वस्थ व्हायला होतं.

भीतीला माणसाचं मूळ देणारं आणखी एक नाव ‘लपाछपी’चं. विशाल फुरिया यांचा २०१७चा हा चित्रपट उसाच्या फडातल्या घरात घडतो आणि मुलगी नको म्हणणाऱ्या घराची भीती दाखवतो. पुढे त्याचाच हिंदीत ‘छोरी’ झाला. जळगावकरांनी हा चित्रपट पाहताना आपल्याच जिल्ह्याचा आकडा आठवावा: २०११च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे फक्त ८४२ मुली. सातपुड्याच्या पायथ्याशी तर लेखकाची जबाबदारी आणखी वाढते. डाकीण ठरवून बायकांना मारहाण करण्याची, गावाबाहेर काढण्याची प्रथा तिथे आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते तिच्याविरुद्ध झगडत आले आहेत आणि २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदाही आहे. अशा भागात पडद्यावर डाकीण खरी ठरवणारी पटकथा लिहिणं म्हणजे कोणाच्या तरी जिवाशी खेळणं. तिथली खरी भीती त्या बाईच्या दाराशी जमलेल्या गर्दीची आहे. ही दिशा नवख्या लेखकाला वेळेवर दाखवणारा वडीलधारा वाचक मिळायला हवा.

आता आपल्या भागाकडे. धुळ्याहून तासाभराच्या अंतरावर मालेगावात नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी व्हिडिओ पार्लरच्या कमाईवर ‘मालेगाव के शोले’ काढला. फैजा अहमद खान यांचा माहितीपट आणि नंतर ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट यांमुळे ती धडपड जगापुढे आली. तिथेही लिहिणारे होते, पण त्यांच्या लिहिण्याला कोणी पैसा दिला नाही. जळगावात राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी होते, एकांकिका होतात, आणि रहस्य रंगवण्याचा पहिला सराव आपल्या पोरांना तिथेच मिळतो. परीक्षक दोन गोष्टी सांगतात आणि रात्रीच्या गाडीने परततात. त्यांचं चुकत नाही. पुनर्लेखन करून घेणं त्यांच्या कामात बसतच नाही.

एनएफडीसीच्या कार्यशाळेचा दरवाजा उघडा आहे, पण आपल्याकडच्या मुलांना तो उंच वाटतो, आणि त्याचं मुख्य कारण भाषा. सल्लागारांत परदेशी मंडळी असतात, तेव्हा बोलणं बहुतांशी इंग्रजीतून चालतं. अहिराणीत सुचलेला संवाद मराठीत आणून पुन्हा इंग्रजीत समजावून सांगायचा, म्हणजे निम्मी धार वाटेतच जाते. भयकथेत तर शब्दाचा ठेका गेला की भीतीच गेली.

मराठीत असं काही कधी झालंच नाही, असं नाही. पुण्याच्या थिएटर अकॅडमीने १९८५ ते १९९४ या काळात सतीश आळेकर यांच्या पुढाकाराने नाटककारांच्या विकासाची योजना राबवली, फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने. तिच्याच जोडीला विभागीय नाट्यसंस्था उभ्या करण्याचीही योजना होती. नाटकाला जे जमलं ते पटकथेला जमायला हरकत नाही. खासगी पैशानेही हे करून दाखवलं आहे. सिनेस्तान कंपनीच्या पटकथा स्पर्धेत पहिलं बक्षीस पंचवीस लाखांचं होतं आणि २०१८ मध्ये तिथे मागे राहिलेल्या बिप्लब गोस्वामी यांच्या कथेवरच पुढे ‘लापता लेडीज’ झाला.

राज्य सरकारचं मराठी चित्रपटांचं अनुदान मात्र चित्रपट तयार झाल्यावर मिळतं: अ दर्जाला चाळीस लाख, ब दर्जाला तीस. पैसा निर्मात्याच्या खात्यात जातो आणि लिहिण्याचे महिने लेखकाने कसेबसे काढलेले असतात. माझी मागणी साधी आहे. अ दर्जाच्या एका चित्रपटाएवढी रक्कम दरवर्षी बाजूला काढावी. प्रत्येकी दोन लाख धरले तर वीस लेखकांना वर्षभर पुरेल. त्यातल्या चार जागा खानदेशच्या असाव्यात, बैठका जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात घ्याव्यात, सल्लागारांनी मुंबई-पुण्याहून इकडे यावं आणि चर्चा मराठीत, अहिराणीत व्हावी. अर्जासोबत पूर्ण पटकथा मागू नये. दहा पानं आणि एक प्रसंग पुरे. आणि निवड झालेल्या प्रत्येकाचा मसुदा काम सुरू होण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये त्याच्याच नावावर नोंदवून घ्यावा, नोंदणीचा खर्च योजनेतून करावा.