मुष्टियोद्धा लढतो कशासाठीं?

धंदेवाईक मुष्टियोद्धा पैशासाठीं लढतो कीं खेळाच्या प्रेमानें लढतो, हा प्रश्न सुशिक्षित मंडळींच्या बैठकींत निघाला म्हणजे त्याचा निकाल बहुधा चहा निवण्यापूर्वींच लागलेला असतो. ज्याच्या नांवामागें ‘धंदेवाईक’ हें विशेषण लागलें, तो पैशासाठींच लढणार, यांत विचारण्यासारखें काय आहे! वास्तविक गवई बिदागी घेतो, वकील फी घेतो, वैद्यही नाडी फुकट पाहत नाहीं. परंतु गवयाचें गाण्यावर प्रेम आहे कीं नाहीं अशी शंका कोणाच्या मनांत येत नाहीं. ती येते फक्त ठोसे खाणाऱ्याविषयीं. शहाणा माणूस प्रेमानें मार खाणार नाहीं, त्याअर्थीं तो पैशासाठींच खात असला पाहिजे, असा हा तर्क आहे. तो कितपत टिकतो हें पाहण्यास या धंद्याचा इतिहासच उलगडून पाहिलेला बरा.

हौशी खेळाडू वरच्या पायरीवर आणि धंदेवाईक खालच्या पायरीवर, ही प्रतवारी फार जुनी नाहीं. अठराव्या शतकांत इंग्लंडमध्यें उघड्या मुठींनीं लढती होत. त्यांवर सरदार लोक पैजा लावीत आणि लढणारा आपला वांटा घेऊन घरीं जाई. डॅनियल मेंडोझा हा लंडनचा ज्यू तरुण त्या काळीं फार गाजला. आडदांड प्रतिस्पर्ध्यासमोरून चटकन् बाजूला सरणें, ठोसा चुकविणें, हाताच्या आडोशानें तो अडविणें, या गोष्टींना त्यानें शास्त्राचें रूप दिलें, आणि १७८९ सालीं या विद्येवर एक पुस्तकही लिहिलें. विद्येवर जीव नसेल तर माणूस पुस्तक लिहीत नाहीं. पुस्तकाचेही पैसे मिळतात असें कोणी म्हणेल, तेंही खरेंच. पण हाच मेंडोझा १८३६ सालीं वारला, तेव्हां त्याच्या पदरीं दारिद्र्याखेरीज कांहीं उरलें नव्हतें.

पुढें १८६७ सालीं मार्क्विस ऑफ क्वीन्सबरी याच्या नांवानें नवे नियम प्रसिद्ध झाले. ते लिहिले जॉन ग्रॅहॅम चेंबर्स यानें; नांव मात्र उमरावाचें लागलें. हातमोजे, तीन मिनिटांची फेरी, मध्यें एक मिनिटाची विश्रांति आणि पडलेल्यास उठण्यासाठीं दहा सेकंदांची मुदत, हें सर्व त्या नियमांतून आलें. १८८० सालीं हौशी मुष्टियोद्ध्यांची स्वतंत्र संस्था इंग्लंडमध्यें निघाली, आणि प्रेम एका दालनांत व पैसा दुसऱ्या दालनांत अशी वांटणी पक्की झाली. हौशी राहणें कोणाला परवडतें, हा प्रश्न त्या वांटणींत कोणीच विचारला नाहीं.

पैशाचा हिशेब अगदीं चोख ठेवणारा योद्धा पाहावयाचा असेल तर अमेरिकेंतील जीन टनी याच्याकडे पाहावें. १९२६ सालीं त्यानें जॅक डेम्प्सीकडून हेविवेट गटाचें जगज्जेतेपद घेतलें आणि पुढच्या वर्षीं शिकागो येथें त्याचाच पुन्हां पराभव केला. त्या एका रात्रीची टनीची बिदागी ९,९०,४४५ डॉलर झाली. तेव्हां त्यानें दहा लाखांस जितके कमी पडत होते तितक्या रकमेचा स्वतःचा चेक सामना भरविणाऱ्या टेक्स रिकार्डच्या हातीं ठेवला, आणि त्याच्याकडून पुऱ्या दहा लाखांचा एकच चेक लिहून घेतला! १९२८ सालीं आणखी एक लढत जिंकून, वयाच्या एकतिसाव्या वर्षीं, टनीनें हातमोजे खुंटीला टांगले. येल विद्यापीठांत जाऊन शेक्सपिअरवर व्याख्यान दिलें, श्रीमंत घराण्यांतील मुलीशीं लग्न केलें आणि रिंगणांत पुन्हां पाऊल ठेवलें नाहीं. प्रेक्षकांचें त्याच्यावर कधीं फारसें मन बसलें नाहीं. परंतु या धंद्याकडे धंदा म्हणून पाहणारा हाच गृहस्थ वेळेवर बाहेर पडला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

याच्या उलट जॅक जॉन्सन. हा टेक्सासमधला निग्रो. जॉन सुलिव्हान यानें विजेतेपद मिळविल्यापासून त्या पदासाठीं काळ्या माणसाशीं लढावयाचें नाहीं, असा गोऱ्या जगज्जेत्यांचा रिवाज पडलेला. कॅनडाचा टॉमी बर्न्स जगज्जेता झाला तेव्हां जॉन्सन त्याच्या पाठोपाठ इंग्लंडांत गेला आणि तेथून ऑस्ट्रेलियांत गेला. शेवटीं बर्न्सनें तीस हजार डॉलर मिळतील तरच लढेन अशी अट घातली. ती पुरी करणारा आयोजक सिडनींत भेटला. जॉन्सनच्या वांट्यास आले पांच हजार. २६ डिसेंबर १९०८ रोजीं चौदाव्या फेरींत पोलिसांना लढत थांबवावी लागली, आणि काळा माणूस प्रथमच त्या पदावर बसला. सहापट बिदागी घेऊन बर्न्स हरला आणि एकपट घेऊन जॉन्सन जिंकला. येथें पैसा आणि खेळाचें प्रेम या दोहोंपैकीं कोणत्या पारड्यांत जॉन्सनला टाकावयाचें? त्याला हवी होती ती वस्तु या दोन्ही पारड्यांत बसत नाहीं. १९१५ सालीं हॅवाना येथें तो हरला. त्यानंतर बावीस वर्षें दुसऱ्या कोणा काळ्या योद्ध्यास त्या पदासाठीं लढूंच दिलें नाहीं.

बावीस वर्षांनीं जो लढला, तो जो लुई. मूळ प्रश्नाचें उत्तर एका माणसाच्या आयुष्यांत शोधावयाचें असेल तर तें याच्याच. १९१४ सालीं आलाबामा संस्थानांत कापूस पिकविणाऱ्या गरीब कुटुंबांत तो जन्मला. बाप वेड्यांच्या इस्पितळांत. आई मुलांना घेऊन डेट्रॉईटला आली. मुलानें कांहीं कला शिकावी म्हणून ती माउली व्हायोलिनच्या शिकवणीसाठीं दर आठवड्यास पन्नास सेंट काढून देई, आणि चिरंजीव त्या पैशांतून तालीमखान्यांत कपडे ठेवण्याचें कपाट भाड्यानें घेत! हें चोरून केलेलें शिक्षण पैशासाठीं होतें असें म्हणतां येणार नाहीं. उलट त्यांत घरचाच पैसा जात होता. १९३२ सालीं तो हौशी योद्धा म्हणून पहिल्या लढतींत उतरला. समोरचा मनुष्य ऑलिंपिकला जाऊन आलेला. त्यानें लुईला सात वेळां जमिनीवर लोळविलें. बक्षीस म्हणून सात डॉलरच्या मालाची चिठ्ठी मिळाली, म्हणजे पडण्याचा दर एक डॉलर पडला. सावत्र बापानें सांगितलें कीं हा नाद सोड आणि कारखान्यांत कामाला जा. मुलगा कांहीं महिने गेलाही. पण पुन्हां तालीमखान्यांत परतला.

१९३४ च्या जुलैंत तो धंदेवाईक झाला. पहिल्या लढतीचे ५९ डॉलर मिळाले. पुढें ओघ वाढला, तसे वांटेकरीही वाढले. तालमीचा खर्च वजा जाई, आणि उरलेल्याचा निम्मा वांटा करारानें व्यवस्थापकांचा असे. १९३७ सालीं जेम्स ब्रॅडॉकला हरवून लुई जगज्जेता झाला, तेव्हां ब्रॅडॉकनेंही लढण्यास होकार देण्यापूर्वीं अट घालून ठेवली होती कीं, या पदाच्या लढतींत आयोजक जेकब्स यास पुढील दहा वर्षें जो नफा होईल त्याचा दशांश आपला. ब्रॅडॉकला लोभी म्हणण्याची घाई मात्र करूं नये. मंदीच्या दिवसांत तो गोदींत माल उचलीत होता आणि त्याचें कुटुंब सरकारी मदतीवर जगलें होतें. हातांत पैसा येतांच त्यानें ती मदत परत फेडली. लुईच्या घरानेंही डेट्रॉईटमध्यें तशी मदत घेतली होती, आणि लुईनेंही ती परत केली. कायद्यानें दोघांवरही तसें बंधन नव्हतें. पैशासाठीं लढणारे म्हणून ज्यांना हिणवावें, त्यांची पैशाची समज ही अशी होती.

जॉन्सनच्या वागण्यानें चिडलेला गोरा समाज पुन्हां चिडूं नये म्हणून लुईच्या व्यवस्थापकांनीं त्याला नियम घालून दिले होते. पडलेल्या गोऱ्या प्रतिस्पर्ध्याकडे पाहून हंसावयाचें नाहीं, गोऱ्या स्त्रीबरोबर छायाचित्र काढवावयाचें नाहीं. लुईनें चेहरा दगडासारखा ठेवला. १९३६ सालीं जर्मनीच्या माक्स श्मेलिंगनें त्याला बाराव्या फेरींत पाडलें, तेव्हां नाझींनीं त्या विजयाचा डंका पिटला. २२ जून १९३८ रोजीं न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्यें सत्तर हजार प्रेक्षकांसमोर दोघे पुन्हां उभे राहिले. सामना रेडिओवर होता, आणि अमेरिकेंत घरोघरीं लोक यंत्राभोंवतीं बसले होते. ज्यांनीं यंत्र लावण्यास दोन मिनिटें उशीर केला त्यांना कांहींच ऐकूं आलें नाहीं. १२४ सेकंदांत लढत संपली होती. त्या रात्रीं काळ्या वस्त्यांतून लोक रस्त्यावर नाचले. त्या १२४ सेकंदांची बिदागी लुईला चांगली मिळाली, यांत शंका नाहीं. पण तेवढीच रक्कम देऊन दुसरा कोणी प्रतिस्पर्धी उभा केला असता तर तो तसाच तुटून पडला असता, असें म्हणणें धाडसाचें होईल.

जानेवारी १९४२ मध्यें युद्ध नुकतेंच अंगावर आलें होतें. लुईनें बडी बेअरशीं लढून मिळालेली सुमारें ४७,००० डॉलरची बिदागी आरमाराच्या मदतनिधीस देऊन टाकली. त्या आरमारांत काळ्या माणसाला त्या वेळीं खाणावळींतील वाढप्याखेरीज दुसरें काम मिळत नसे. काळ्या लोकांनींच त्याला विचारलें कीं असल्या आरमारास दान कशाला? लुई थांबला नाहीं. तो स्वतः लष्करांत साधा शिपाई म्हणून दाखल झाला. महिना २१ डॉलर पगार. मार्चमध्यें त्यानें आणखी एक लढत केली आणि तिचे सुमारें ३६,००० डॉलर लष्कराच्या निधीस दिले.

याच ठिकाणीं त्याच्या आयुष्याला फांस बसला. प्राप्तिकर खात्याचें म्हणणें असें कीं, बिदागी ही आधीं लुईची मिळकत झाली आणि मग तिचें दान झालें. सबब कर द्यावा लागेल. त्याच्या डोक्यावरचें सर्वच कर्ज या दानामुळें झालें असें मात्र नव्हे. लुई उधळ्या होता. मागेल त्याला देई. त्यानें काढलेले धंदे बुडाले, हिशेब दुसऱ्यांच्या हातीं राहिले, आणि लष्करांत असतांना घेतलेली उचल वाढत गेली. पण युद्धानंतरच्या काळांत मोठ्या मिळकतीवर शेंकडा नव्वदच्या घरांत कर बसे, आणि थकलेल्या बाकीवर व्याज चढे. जुनी बाकी फेडण्यासाठीं लढावें, तर त्या लढतीचाच नवा कर अंगावर येई.

१ मार्च १९४९ रोजीं तो निवृत्त झाला होता. अकरा वर्षें आठ महिने तें पद त्याच्याकडे होतें आणि पंचवीस वेळां त्यानें तें राखलें होतें. तेथेंच ही कथा संपावयास हवी होती. पण १९५० च्या सप्टेंबरांत, करापायीं, तो इझर्ड चार्ल्सविरुद्ध उभा राहिला आणि पंधरा फेऱ्या मार खाऊन हरला. त्यानंतर त्यानें लहानसहान आठ लढती जिंकल्या. २६ ऑक्टोबर १९५१ रोजीं समोर रॉकी मार्शियानो आला. वयानें नऊ वर्षांनीं लहान. जोडे बनविणाऱ्या कारखान्यांतील मजुराचा मुलगा, आणि लुईला लहानपणापासून दैवत मानणारा. आठव्या फेरींत त्यानें लुईला रिंगणाच्या दोऱ्यांतून बाहेर पाडलें. नंतर कपडे बदलण्याच्या खोलींत जाऊन मार्शियानो लुईपुढें रडला.

लोकसमज असा कीं भुकेलेला मुलगा पैशासाठीं रिंगणांत येतो आणि पोट भरल्यावर त्याला खेळ आवडूं लागतो. लुईच्या बाबतींत अगदीं उलट घडलें. पैसा नव्हता तेव्हां तो आवडीनें लढला. ऐन भरांत लढला तेव्हां त्याच्या मागें सगळा समाज उभा होता. आणि निव्वळ पैशासाठीं तो लढला तो अगदीं अखेरीस, जेव्हां त्याच्या ठोशांत कांहीं उरलें नव्हतें. मार्शियानोनें ही गोष्ट जवळून पाहिली होती. एकूणपन्नास लढती जिंकून, एकही न हरतां, १९५६ सालीं तो बाजूला झाला. त्याच सालीं लुई पैशासाठीं दिखाऊ कुस्त्या करूं लागला. आईनें मागें ठेवलेली लहानशी रक्कमही करांत गेली होती. पुढें कर खात्यानें तडजोड केली आणि फक्त चालू मिळकतीवर कर घेण्याचें ठरविलें. उतारवयांत तो लास व्हेगसच्या एका मोठ्या जुगारगृहांत येणाऱ्या पाहुण्यांचें स्वागत करण्याच्या नोकरीवर होता. पाहुणे त्याच्याशीं हस्तांदोलन करण्यासाठीं रांग लावीत.

१२ एप्रिल १९८१ रोजीं लुई वारला. अध्यक्ष रेगन यांनीं नियम शिथिल करून त्याला आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमींत जागा दिली. अंत्यविधीच्या खर्चाचा कांहीं भाग जर्मनींतून आला. तो पाठविणारा गृहस्थ माक्स श्मेलिंग होता.