बकलम खुद्द



इंग्रजीत 'घोस्ट रायटर' नावाचा एक धंदा आहे. घोस्ट म्हंजे भूत. मजकूर एकाचा, नाव दुसऱ्याचं. अमेरिकेत ख्रिस्टी वॉल्श यानं १९२१ पासून बेसबॉल खेळाडू बेब रूथच्या नावानं लेख विकले. लिहिणारे पत्रकार वेगळेच. हा शब्दही याच वॉल्शनं रूढ केला असं सांगतात. मराठीतल्या पांढरपेशांनी त्याचं 'छायालेखक' केलं. छाया म्हंजे सावली. सावली कुणाची बाटवायची, हे आपल्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

आपल्या जालन्याकडं हे भूत उलट्या पायाचं निघालं. तिथं नाववाल्यानं दुसऱ्याची लेखणी विकत घेतली. इथं ज्याच्यापाशी सांगण्यासारखं होतं त्याच्यापाशी लेखणीच नव्हती. निजामाच्या राज्यात १८८४ पासून कारभाराची भाषा उर्दू. महारा-मांगानं गाऱ्हाणं मराठीत सांगायचं, अर्जनवीसानं ते सरकारी भाषेत घालायचं, खाली अंगठा आपला. गावचा कागद वाहायचा महारानं अन् लिहायचा पटवाऱ्यानं. अंगठ्याच्या वर काय लिवलंय, हे अंगठेवाल्याला कोण सांगणार? 'बकलम खुद्द' ही अक्षरं ज्यांना लिहिता येत होती, त्यांचंच गाऱ्हाणं त्यांचं राहिलं.

ही गोष्ट निजामाच्याही आधीची आहे. जालन्याहून देऊळगाव राजाकडं गेलं की मेहुणा राजा लागतं. ते चोखोबाचं जन्मगाव मानतात. जनाबाईच्या नावावरच्या एका अभंगात कोणत्या संताचे अभंग कुणी लिहून घेतले त्याची यादी आहे. चोखोबापुढं नाव येतं अनंतभट्टाचं. मंदिराच्या बाहेर उभ्या माणसाचे शब्द भटाच्या बोरूतून आपल्यापर्यंत आले. एका अभंगात चोखोबा विटाळाच्या मुळावरच घाव घालतो, दुसऱ्यात आपली जात मागल्या जन्माच्या कर्मावर ढकलतो. दोन्ही वाचताना बोरू कुणाच्या हातात होता ते ध्यानात ठेवावं. अनंतभट्ट लबाड होता असं माझं म्हणणं नाही. त्यानं लिहिलं नसतं तर कदाचित एक ओळही उरली नसती. पण 'वाचून दाखव' असं त्याला चोखोबा म्हणू शकत होता का?

बाबासाहेबांनीही एकदा नाव झाकून लिहिलं. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला, संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकरांचं. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम या सरकारी कॉलेजात प्रोफेसर, म्हणून उघड नाव घालता येईना. अग्रलेख त्यांचे. इथं नाव आपल्याच माणसाचं अन् लेखणीही आपलीच. १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' काढला तेव्हा संपादक म्हणून स्वतः उभे राहिले.

आज अर्जनवीस कमी झाले, पण ठाण्यातला लेखणीवाला आहेच. फिर्याद 'मी' म्हणून सुरू होते अन् तो 'मी' हवालदाराच्या भाषेत बोलतो. जातीवाचक शिवी गाळली जाते, 'किरकोळ वाद' घातला जातो. १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्याला दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. तिच्या कलम ४ प्रमाणं तोंडी फिर्याद लिहून घेतल्यावर सही घेण्याआधी ती फिर्यादीला वाचून दाखवणं हे अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. म्हातारीला घेऊन ठाण्यात जाल तेव्हा तिच्या शेजारी बसा. ती म्हणाली तेच कागदावर आहे का, शब्दाला शब्द लावून ऐका. अंगठा मग.