घर रिकामे केल्यावर भाडे कोणाला?

सार्वजनिक वसाहत धोकादायक ठरली किंवा पुनर्विकासासाठी रिकामी करण्यात आली, की नवे घर मिळेपर्यंत राहायचे कोठे, हा प्रश्न उभा राहतो. भाड्याच्या मदतीस कोण पात्र, याचा निर्णय बहुधा कागदपत्रांवर होतो. बंगळुरू आणि मुंबईतील अनुभवांवरून हे स्पष्ट होते.

ईजीपुऱ्याचा धडा

बंगळुरूच्या कोरमंगलानजीक ईजीपुरा येथे महापालिकेने १९९० च्या दशकाच्या आरंभी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी ४२ इमारतींत १,५१२ घरे बांधली होती. २००७ मध्ये एक इमारत कोसळली. त्यानंतर अनेक कुटुंबे त्याच जागेवर पत्र्याच्या खोल्यांत राहू लागली. खासगी विकासकाच्या सहभागाने पुनर्विकास ठरला आणि जानेवारी २०१३ मध्ये पोलीस बंदोबस्तात या खोल्या पाडण्यात आल्या. रहिवाशांत मूळ लाभार्थी होते, तसेच त्यांच्याकडून घर भाड्याने घेतलेलेही होते. पुनर्वसनाचा हक्क मूळ लाभार्थ्यांपुरता मानला गेल्याने वर्षानुवर्षे तेथे राहिलेल्या अनेक कुटुंबांना पदपथावर दिवस काढावे लागले.

मुंबईतील व्यवस्था

मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत पात्रता 'परिशिष्ट दोन' या यादीवरून ठरते. १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीधारकास मोफत, तर त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपडीधारकास सशुल्क घर मिळते. पात्र कुटुंबाला संक्रमण शिबिरातील गाळा किंवा भाडे देण्याची जबाबदारी विकासकाची असते. भाडे थकवण्याच्या तक्रारींमुळे प्राधिकरणाने २०२३ मध्ये दोन वर्षांचे भाडे आगाऊ जमा करणे आणि पुढील वर्षाचे धनादेश देणे विकासकांना बंधनकारक केले.

वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळींचा पुनर्विकास म्हाडा करीत आहे. तेथे पात्र भाडेकरूंना संक्रमण गाळा अथवा दरमहा २५,००० रुपये भाडे, असा पर्याय देण्यात आला.

आधी काय तपासावे

घर रिकामे करण्यापूर्वी पात्रता यादीत आपले नाव आहे याची खात्री करावी. वाटपपत्र, शिधापत्रिका, वीजबिल आणि मतदार यादीतील नोंद जपून ठेवावी. मूळ लाभार्थी हयात नसल्यास वारसनोंद वेळीच करून घ्यावी. भाड्याची रक्कम, वार्षिक वाढ आणि ताबा मिळेपर्यंतचा कालावधी करारात लेखी असावा. एकदा घर पाडले गेले की, तेथील वास्तव्य सिद्ध करणे कठीण होते.